भावोजींचा गुडघा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हुतुतूच्या जोरावर पोट भरत होते, हे आज सांगून पटणार नाही. ते मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेवाले होते. गिरणीत मागाला साचा म्हणतात. साच्यावर त्यांच्याहून तरबेज माणसे आमच्याच तालुक्यातली कितीतरी होती, आणि मंदी आली की त्यांतली पुष्कळशी घरी बसत. भावोजी कधी बसले नाहीत. साळखात्याच्या, म्हणजे विणकामाच्या खात्याच्या, मास्तराला हुतुतूचा शौक होता. गिरण्यागिरण्यांत सामने होत आणि भावोजींची चढाई बघायला दुसऱ्या गिरणीचे लोक येत. मोसमात दुपारनंतर त्यांना साच्यावरून सोडत आणि त्यांच्या जागी बदली माणूस उभा करत. हा करार कुठे लिहिलेला नव्हता. खेळ चालू तोवर साचे चालू, एवढे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

मी त्या वेळी, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत, रत्नागिरीच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. बहीण, तिला मी आक्का म्हणत असे, शहराजवळच्या गावात सासरी राहत होती. मूल नव्हते. घरात ती आणि सासू. खोताची थोडी भातजमीन कसायला होती, तिच्यात चार-पाच महिन्यांचे तांदूळ निघत. बाकीचे वर्ष भावोजींच्या साच्यांवर चाले.

त्यांचा डावा गुडघा आधीच एकदा गेला होता. मुंबईत एका सामन्यात वाटी सरकली. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने ती बसवली आणि सांगितले की साच्यावर उभे राहायला पाय चालेल, खेळायला चालणार नाही. पुन्हा मुरगळला तर उभे राहायलाही चालणार नाही. भावोजींनी हे घरी सांगितले नव्हते. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या गाववाल्याने शिमग्याला येऊन आक्काला सांगितले. तोवर ते त्याच गुडघ्यावर दोन मोसम खेळले होते. वय विचारले की बत्तीस सांगत. माझेच तेव्हा बत्तीस भरत आले होते. आक्का माझ्याहून मोठी आणि ते तिच्याहून मोठे, त्यामुळे हे गणित आमच्या घरात कुणाला चुकणार नव्हते.

त्या वर्षी चैत्रात बातमी आली की आपले देशी खेळ परमुलखात दाखवण्यासाठी हिंदुस्थानचा म्हणून एक संघ जाणार आहे आणि हुतुतूच्या गड्यांत भावोजींचे नाव आहे. नाव होते, जागा पक्की नव्हती. संघ आधी किनाऱ्यावरच्या गावांत फंडासाठी सामने खेळणार होता आणि शेवटच्या दोन-तीन जागा त्या सामन्यांवरून ठरायच्या होत्या. शेवटचा सामना रत्नागिरीत, जिल्ह्याच्या निवडक गड्यांशी. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी संघाला मुंबई गाठायची होती.

भावोजी वैशाखात आले. मी बंदरावर गेलो होतो. आगबोट बाहेर उभी राही आणि उतारू पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, किनाऱ्याला येत. पडाव टेकला की शेवटचे हातभर पाण्यात उडी मारावी लागे. संघातली तरुण मंडळी धोतरे खोचून धडाधड उतरली. भावोजींनी दोन्ही हातांनी कड धरली, उजवा पाय खाली सोडला, तो टेकल्यावर डावा ओढून घेतला. मग माझ्याकडे पाहून हसले.

"काय पावणं, आमच्या उतरण्याची पण बातमी छापणार काय?"

"छापतो की. 'सुप्रसिद्ध गडी बाळंतिणीसारखे उतरले.'"

"छापा, छापा. तुमच्या पेपरात तेवढंच एक खरं असंल."

घरी त्या संध्याकाळी जे बोलणे झाले ते मी ओट्यावर बसून ऐकले. आक्का सहाणेवर रक्तबोळ आणि आंबेहळद उगाळत होती. गुडघा सुजलेला नव्हता, पण वाटीच्या आतल्या बाजूला दाबले की भावोजी श्वास ओढत. ती मुद्दाम तिथेच दाबत होती.

"दुखतंय?"

"तू दाबल्यावर काय गुदगुल्या होणार?"

"मग सांगा त्या लोकांना. पाय बरा नाय म्हणावं."

"सांगितलं तर उद्याच्याला मास्तराला कळंल."

"कळू दे. पाय हाय तवर साचा हाय."

"अगो, साचा पायामुळं नाय. कितीदा सांगू?" ते चिडले नव्हते. हिशेब समजावून द्यावा तसे बोलत होते. मास्तराने त्यांना सांगितले होते की देशाच्या संघातून गेलास तर परत येईपर्यंत तुझे साचे कुणी हलवणार नाही. जमत नसेल तर पुढच्या मोसमाला मला नवा गडी बघायला हवा. नवा गडी आला की त्याला साचे द्यावे लागणार. ते कुणाचे, हे मास्तराने सांगितले नव्हते आणि भावोजींनी विचारले नव्हते.

"नाय खेळलो तर साचे जातील, आणि खेळलो तर कदाचित पाय जाईल," ते म्हणाले. "ह्यात कदाचित कुठं हाय ते बघ."

आक्काने लेप लावून फडके घट्ट आवळले. सासू माजघरातून म्हणाली, "सरकार धाडतंय काय रं तुला, पोरा?"

"सरकार नाय आये. देश."

"त्यो कोण?" म्हातारी म्हणाली. आम्ही सगळे हसलो. आक्काही हसली.

भावोजी ज्याचे ऐकतील असे माणूस गावात नव्हते. तेव्हा आक्काने देवाला मध्ये घालायचे ठरवले. ग्रामदेवतेला कौल लावायची आमच्याकडे रीत आहे. गुरव देवाच्या अंगावर डाव्याउजव्या बाजूला फुलाच्या कळ्या चिकटवतो, गावाचा मानकरी प्रश्न घालतो, आणि उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौल डावा आला तर भावोजी तो मोडणार नाहीत, हे तिला माहीत होते. ते तसे देवभोळे नव्हते. पण देवाने नको म्हटलेले काम केले असे झाले असते तर गावात म्हातारीला कुणी विचारले नसते. शिवाय 'देवाने अडवले' हे मास्तराला सांगता आले असते. मास्तरही कोकणातलाच होता.

बाईमाणूस देवाला प्रश्न घालत नसे. म्हणून आदल्या दिवशी आक्का मला घेऊन मानकऱ्याच्या घरी गेली. तिने उभ्याउभ्याच सांगितले, "एवढंच विचारा काका, पाय धड ऱ्हाईल का. खेळायला गेले तर पाय धड ऱ्हाईल का. दुसरं काय नको."

मानकरी सुपारी कातरत होता. "विचारू की. त्यात काय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात वाडीवाडीतली माणसे जमली. भावोजींना स्वच्छ धोतर नेसवून पुढे उभे केले होते. आक्का बायकांत, खांबाशी. गुरवाने कळ्या लावल्या. मानकऱ्याने डोक्याला मुंडासे बांधले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली हायत. तुझ्या गावचा गडी समुद्रापार जायाला निघालाय."

"व्हय म्हाराजा!"

"बारा वाड्यांचा, बारा मानकऱ्यांचा तू धनी. तर ह्या खेळानं तुझ्या गावचं नाव परमुलखात जाणार असंल, तर उजवा कौल दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी आक्काकडे पाहिले. तिने पदर तोंडात धरला होता. भावोजी 'व्हय म्हाराजा' म्हणाले की नाही ते मला ऐकू आले नाही. गर्दीत सगळेच म्हणत होते. बराच वेळ काही हलले नाही. मग उजवीकडची एक कळी सुटली आणि खाली पडली. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि गुरवाने त्याच्याकडे रागाने पाहिले.

बाहेर आल्यावर मी मानकऱ्याला गाठले आणि आक्काने काय विचारायला सांगितले होते त्याची आठवण दिली.

"ध्यानात हाय माझ्या," तो म्हणाला. "पण गाऱ्हाणं गावाचं असतं, बाबा. एकट्याच्या तंगडीचं गाऱ्हाणं कसं घालणार? देवाला काय वाटंल?"

"मग आता दुसरा कौल लावा."

गुरव दाराशीच होता. तो म्हणाला, "एका कामाला दोन कौल लावीत नाय." त्याच्या बोलण्यात अडवणूक नव्हती. पडवीत चपला घालून जाऊ नये, इतक्या सरळपणे तो ते सांगत होता.

कौलाची गोष्ट शहरात संघाच्या चिटणीसापर्यंत पोचली. तो खादी वापरणारा, गोड बोलणारा गृहस्थ होता. गावाने देवाचा हुकूम घेऊन गडी दिला, हे त्याला इतके आवडले की त्याने सभेत सांगितले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर भावोजींना 'पाय बरा नाही' म्हणणे शक्य राहिले नाही. आक्काने तो विषय पुन्हा काढला नाही. एकदा मला एवढेच म्हणाली, "माझं कुणी विचारलंच नाय रे. मी विचारलं आसतं तर डावा दिला आसता." तिचा देवावर राग नव्हता.

सामना शहरातल्या मैदानात झाला. आमच्याकडे जमीन म्हणजे जांभा दगड. त्यावर मळ्यातली माती आणून पसरली होती, पण फार नाही, आणि वैशाखात ती विटेसारखी वाळली होती. धूळ उडू नये म्हणून दुपारी घागरींनी पाणी मारले. वरची माती ओली आणि तिच्याखाली दगड, असे ते मैदान होते. भावोजींनी कडेला उभे राहून टाचेने माती उकरून पाहिली. चिटणीसाने विचारले, "कसं आहे मैदान?" ते म्हणाले, "सारवलेलं हाय." चिटणीसाला ती स्तुती वाटली.

जिल्ह्याच्या बाजूने भावोजींच्याच गावच्या वरच्या वाडीतला एक तरुण खेळत होता. पकडीला वाकबगार. तोही निवडीत होता. दोघे एकमेकांना नीट ओळखत. सामन्याआधी तो भावोजींच्या पाया पडला. ते म्हणाले, "आज पाय धरलेस, ते आत्ताच. आत धरू नकोस." तो म्हणाला, "आत धरणारच, दादा." दोघे हसले.

हुतुतूत चढाई करणारा एका दमात 'हुतुतू हुतुतू' म्हणत समोरच्यांच्या अंगणात जातो, कुणाला तरी शिवतो आणि दम तुटायच्या आत मधली पाटी गाठतो. पकडला गेला आणि दम तुटला तर तो मेला. पकडलेला असूनही पाटीला हात लावला तर पकडणारे सगळे मेले. भावोजींच्या पहिल्या काही चढाया सावध होत्या. आत जात, कुणाला न शिवता परत येत. लोक कुजबुजू लागले. माझ्या मागे एक जण म्हणाला, "ह्याला आता पेन्शनीत काढा." दुसरा म्हणाला, "अरे, देवाच्या कौलाचा गडी तो. देव दम धरतोय, हा नुसता फिरतोय." ते हसणे भावोजींना ऐकू गेले असावे, मैदान तेवढे लहान होते. किंवा गेले नसेल. पुढची चढाई ते खोलवर घेऊन गेले.

कोपऱ्यातल्या एकाला त्यांनी उजव्या हाताने शिवले आणि डाव्या पायावर गिरकी घेतली. वरच्या वाडीचा तरुण त्याच वेळी खाली झेपावला आणि त्याने डावा घोटा दोन्ही हातांनी धरला. ओल्या मातीवर पाऊल सरकले, घोटा हातांत अडकलेला, अंग पुढे गेले. जवळ बसलेल्यांना आवाज ऐकू आला. वाळके लाकूड मोडल्यासारखा तो नव्हता, जड आणि ओला होता. भावोजी पोटावर पडले. आणखी दोघे त्यांच्यावर पडले. पण 'हुतुतू' थांबले नाही. खालून, माती तोंडात जात असताना, ते ऐकू येत होते. ते कोपरांवर तिघांना घेऊन सरकले आणि बोटांची टोके पाटीला लावली.

मैदान उठले. टोप्या उडाल्या. शिवलेला एक आणि पकडणारे तिघे, असे चौघे गडी एका चढाईत मेलेले त्या वर्षी कुणी पाहिले नव्हते. संघ त्या चढाईवर सामना जिंकला. लोक ओरडत असताना भावोजी उठले नाहीत हे लक्षात यायला वेळ लागला. सगळ्यांत आधी ते त्या तरुणाच्या लक्षात आले, कारण घोटा अजून त्याच्या हातात होता आणि पाऊल भलतीकडे वळले होते.

त्यांना खांद्यावर घालून धर्मशाळेत नेले. चिटणीस आला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की देश हे विसरणार नाही. भावोजींनी विचारले, "जागा?" चिटणीस म्हणाला, "आधी बरे व्हा." दोन दिवसांनी संघ बहुतेक शेवटच्या आगबोटीने मुंबईला गेला. त्यांच्या जागी वरच्या वाडीचा तरुण गेला. निवडीत काही गैर नव्हते. तो चांगला गडी होता. जाण्यापूर्वी तो घरी आला. आक्काने त्याला गूळपाणी दिले. तो उंबऱ्याशी मान खाली घालून बसला.

"पकड बरोबर होती," भावोजी खाटेवरून म्हणाले. "हात सोडायला उशीर केलास."

"सोडला आसता तर तुमी पोचला आसतात, दादा."

"पोचलोच की."

तो जायला उठला. मग त्याला तिकडे थंडी फार असते म्हणून आक्काने भावोजींची घोंगडी दिली.

हाडवैद्य येऊन कळकाच्या कांबी बांधून गेला. शहरातल्या डॉक्टरने पाहिले आणि गुडघ्याच्या आतले काही तुटले आहे, ते जोडता येत नाही, असे सांगितले. पाऊस लागला, बोटी बंद झाल्या. घाटाने जायचे तर बैलगाडी, मोटार आणि रेल्वे, आणि त्यांना तर परसात जायलाही आक्काच्या खांद्याचा आधार लागे. रजा संपली. गणपतीला मुंबईहून आलेल्या गाववाल्यांनी सांगितले की त्यांच्या साच्यांवर बदलीवाला कायम झाला. तो मास्तराने परळकडून आणलेला नवा गडी होता. सांगणारा ओशाळला होता. त्याने जाताना नारळ ठेवला.

त्याच सुमाराला संघ परत आल्याची आणि परमुलखात खेळाची वाहवा झाल्याची बातमी आली. मी ती छापली. देवळात गावाने महापूजा केली, आणि मानकऱ्याने सर्वांदेखत म्हटले की देव खोटे बोलत नाही, गावचे नाव गेले. ते खरेच होते. भावोजींना खांद्यावर बसवून नेण्याची माणसांची तयारी होती. ते गेले नाहीत.

बोटी सुरू झाल्यावर ते मुंबईला गेले. मास्तराने त्यांना वाईट वागवले नाही. चार दिवस दोन साच्यांवर उभे करून पाहिले. साचेवाल्याला दिवसभर दोन्ही साच्यांमध्ये फिरावे लागते, तुटलेला धागा ओणवे होऊन जोडावा लागतो. गुडघा वाकत नव्हता, आणि न वाकता भार सोसत नव्हता. चौथ्या दिवशी ते साच्यावर कोसळले आणि हात मशीनमध्ये जाता जाता वाचला. मास्तर म्हणाला, दारावर बसवले असते, पण दारावर आधीच तिघे जुने गडी आहेत.

दिवाळीच्या बोटीने ते परत आले. त्या वेळी पडावातून त्यांना दोन खलाशांनी उचलून किनाऱ्यावर ठेवले. बंदरावरच्या कुणी चेष्टा केली नाही.

मास्तराने एक गोष्ट मात्र देऊ केली होती, ती त्यांनी घरी येऊन आठवडाभर सांगितली नाही. गिरणीच्या सूत गुंडाळायच्या खात्यात बायका काम करत. तिथे आक्कासाठी जागा होती. जुन्या गड्याची बायको म्हणून.

"तुमी काय म्हणालात?" आक्काने विचारले.

"विचारून सांगतो म्हणालो."

"मग विचारा."

त्यांनी विचारले नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिने तांदूळ पाखडून झाल्यावर सूप आपटले आणि म्हणाली, "शिमगा झाला की जाईन. त्याआधी कुळीथ काढायला हवेत." तिने आयुष्यात रत्नागिरी शहराच्या पुढे पाऊल टाकले नव्हते.

शिमग्यानंतर मी तिला बंदरावर पोचवायला गेलो. बरोबर गावच्या दोन बायका होत्या, त्याच खात्यात काम करणाऱ्या. आक्का पडावात चढली आणि तिथून मला सांगत राहिली, "कुळीथ लहान मडक्यात हायत, त्यांना सांग. सांगितलंय, पण इसरतील. आणि आयेला भात मऊ लागतो. फडफडीत करतात ते." पडाव लांब जाईपर्यंत ती असेच काही सांगत होती. पुढचे वाऱ्यामुळे कळले नाही. रडली असेल तर तिकडे आगबोटीवर गेल्यावर.

त्यानंतर आठवड्यातून एकदा मी त्या घरी जात असे. भावोजी चुलीपुढे पाटावर बसत, डावा पाय लाकडासारखा समोर पसरून, आणि फुंकणीने जाळ करत. पाऊस आला तेव्हा जमीन खोताने दुसऱ्याला दिली, कारण लावणीला चिखलात उतरणारे घरात कुणी नव्हते. म्हातारीचे भान कमी होत चालले होते. मुलगा घरात दिसतो म्हणजे तो रजेवर आला आहे, अशी तिची समजूत होती आणि सून दिसत नाही याचे तिला मधूनच आश्चर्य वाटे.

"कधी जायाचं हाय रं पोरा?" ती रोज विचारी.

"जाईन," ते म्हणत.

"बोट चुकंल. नोकरीचं माणूस तू."

सुरुवातीला ते तिला सगळे समजावून सांगत. पाय, साचे, आक्का कुठे आहे ते. ती ऐकून घेई, हळहळे आणि सकाळी पुन्हा विचारी. त्या वर्षाच्या अखेरीला त्यांनी समजावणे सोडून दिले. मी समोर बसलेला असताना तिने एकदा विचारले, आणि त्यांनी हातातली फुंकणी खाली ठेवून, वार ठरल्यासारखे, सांगितले, "परवाच्या बोटीनं, आये."

ती समाधानाने भिंतीला टेकली. त्यांनी भात उतरवला. तो फडफडीत झाला होता, म्हणून त्यात गरम पाणी घातले आणि पळीने मोडत बसले.